‘व्हेरिफाइड ग्राफीन प्रोड्यूसर’ शिक्का: पैसे घालणाऱ्याच्या किती कामाचा?

भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखानदारासमोर कुणी काळ्या पावडरची बाटली ठेवली आणि ‘हे आमचं ग्राफीन, भागीदारी घ्या’ म्हटलं, तर नुसत्या नजरेने काहीच ठरत नाही. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर किंवा अशा मोजक्या थरांचा पापुद्रा; असे असंख्य थर एकावर एक रचले की ते ग्रॅफाइट. बारीक दळलेलं ग्रॅफाइटही तसंच काळं असतं आणि तसंच बोटाला लागतं. ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकात 2018 मध्ये 60 उत्पादकांच्या मालाची तपासणी छापून आली होती. बहुतेकांच्या पावडरीत ग्राफीन 10 टक्क्यांच्याही आत निघालं, आणि निम्म्याच्या वर तर कुणाच्याच नाही.

ग्राफीन कौन्सिल या उद्योग-संघटनेच्या ‘व्हेरिफाइड ग्राफीन प्रोड्यूसर’ (तपासलेला उत्पादक) या शिक्क्याला वजन आलं ते अशा बाजारात. तपासनीस कारखान्यात जाऊन उत्पादनाची सगळी प्रक्रिया पाहतात, नमुना स्वतः उचलतात आणि तो स्वतंत्र प्रयोगशाळेत जातो. कंपनीने निवडून पाठवलेली पुडी इथे चालत नाही, ही या सेवेची सगळ्यांत मोलाची गोष्ट. 2019 मध्ये ब्रिटनच्या व्हर्सारियन या ग्राफीन कंपनीला हा शिक्का सर्वांत आधी मिळाला. पुढच्या काही वर्षांत त्याच कंपनीचा शेअर प्रचंड घसरला. शिक्का पावडरीला मिळतो, धंद्याला नाही.

आयएसओ 9001 दाखवणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. ते प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीचं असतं. पापुद्र्यात थर किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. थरांची भाषा आयएसओच्या 80004-13 मध्ये आहे: एक थर, दोन थर, आणि 3 ते 10 थरांचं ‘फ्यू-लेयर’. मोजायचं कसं, ते 21356-1 (2021) मध्ये. प्रयोगशाळेच्या अहवालावर हा दुसरा क्रमांक नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.

अहवाल हातात आला की रामन आलेख (लेझरचा प्रकाश मालावरून कसा विखुरतो, त्याचा) आधी पाहा. दर सेंटिमीटरला 1580 च्या आसपास जी, 1350 ला डी आणि 2700 ला टूडी शिखर दिसतं. डी उंच असेल तर दोष जास्त किंवा कण इतके लहान की कडाच जास्त. एका चांगल्या कणावर लेझर धरला की देखणा आलेख कुणालाही मिळतो, म्हणून वेगवेगळ्या कणांवरची अनेक वाचनं आणि त्यांचा पसारा मागा. त्यानंतर बीईटी, म्हणजे पावडरीचं पृष्ठफळ मोजणारी चाचणी. एका थराचं पृष्ठफळ सिद्धान्तानुसार दर ग्रॅमला 2630 चौरस मीटर, दहा थरांचं साधारण 263. आकडा 30 च्या घरात असेल तर शंका घ्या, पण लगेच निकाल देऊ नका: पावडर वाळवताना पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि आकडा खाली येतो. टीजीएमध्ये (तापवत नेताना वजन किती घटतं, ही चाचणी) 200 अंश सेल्सिअसच्या आसपास वजन बरंच उतरलं तर माल ग्राफीन ऑक्साइडकडे (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनकडे) झुकलेला आहे. हवेत पूर्ण जाळल्यावर उरते ती राख म्हणजे धातू आणि खनिजांची अशुद्धी. हमर्स पद्धतीच्या (ग्रॅफाइटवर आम्ल आणि परमँगनेटची प्रक्रिया करून बनवलेल्या) मालात मँगनीज आणि गंधक राहतं, तेव्हा बॅटरीसाठी घेणाऱ्याने मूलद्रव्यांचे अंश मोजणारी आयसीपी चाचणी टाळू नये.

पुणेकरांची सोय अशी की पाषाण परिसरातच एनसीएल, आयसर आणि सी-मेट या सरकारी संशोधन संस्था आहेत. कोणती चाचणी बाहेरच्या नमुन्यासाठी मिळते आणि शुल्क किती, ते आधी विचारून घ्या. खासगी प्रयोगशाळेत गेलात तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता नेमकी त्याच चाचणीसाठी आहे का, ते मान्यतेच्या यादीत पाहा. एक लॉट (एका खेपेत बनलेला माल) पुरत नाही. वेगवेगळ्या महिन्यांतले तीन लॉट घ्या, पिशवीच्या तळातूनही नमुना काढा आणि एकाच प्रयोगशाळेला द्या. लॉट बदलला की गुण बदलतात, आणि ग्राहक तुटतो तो बहुधा याच कारणाने.

आता धंद्याची बाजू. फोर्डने 2018 मध्ये इंजिनाजवळच्या फोमच्या भागांत ग्राफीन वापरायला घेतलं, पुरवठादार एक्सजी सायन्सेस. फोममधलं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्या थोड्या मात्रेवर पुरवठादाराचा कारखाना चालवायचा तर गाड्या किती लागतील, याचा हिशेब चाकणच्या माणसाला सांगावा लागत नाही. 2022 मध्ये एक्सजीची मालमत्ता कॅनडाच्या नॅनोएक्सप्लोरने विकत घेतली. म्हणून पुन्हापुन्हा येणाऱ्या ऑर्डरी, वर्षाला विकलेले किलो आणि रोकड किती महिने पुरेल, हे तीन आकडे शिक्क्याच्या आधी मागा. परदेशी शेअर घेणाऱ्यांसाठी एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर आहे. एका पदार्थाच्या छोट्या कंपन्यांत त्यातला लहानसा हिस्साच शोभतो.

माल ओळखण्यासाठी या शिक्क्याला पाचपैकी चार, गुंतवणुकीचा आधार म्हणून दोन. एक गुण कापला तो लॉटमागून लॉट तपासणी त्यात येत नाही म्हणून. स्थानिक भागीदारी करत असाल तर करारातच लिहून घ्या: दुसरा हप्ता तिसऱ्या लॉटचा अहवाल हातात पडल्यावर.