निरभ्र आकाशातला इशारा: हाँगकाँग विमानतळाची विंडशिअर सेवा

आकाश मोकळं, विमानाच्या रडारवर पावसाचा ठिपकाही नाही, आणि नियंत्रक सांगतो, "विंडशिअर, उणे २० नॉट, फायनलवर २ मैल." म्हणजे धावपट्टीच्या २ मैल अलीकडे समोरचा वारा एकदम २० नॉटनी (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) पडणार; थोड्याशा अंतरात वाऱ्याचा असा अचानक बदल म्हणजे विंडशिअर. हाँगकाँगला पहिल्यांदा उतरणाऱ्याला हे खोटं वाटू शकतं. वाटू देऊ नये. निरभ्र हवेतला विंडशिअर पकडणं हेच हाँगकाँग वेधशाळेच्या या सेवेचं खरं बळ आहे, आणि विमानातलं रडार नेमकं तिथेच कमी पडतं.

आधी भूगोल. चेक लॅप कॉक विमानतळ १९९८ साली समुद्रात भर घालून सुरू झाला. त्याच्या दक्षिणेला लगेच लांटाऊ बेट आहे आणि त्याचं सर्वोच्च शिखर ९३४ मीटरचं. वसंतात पूर्व-आग्नेयेचा वारा या डोंगरांवरून येतो, तेव्हा खिंडींतून वेगवान झोत बाहेर पडतात आणि शिखरांच्या आडोशाला वारा मंद राहतो. धावपट्टी ०७ वर (म्हणजे पूर्वेकडे तोंड करून) उतरणारं विमान हे पट्टे एकामागून एक कापत येतं. काही सेकंदांत समोरचा वारा १५-२० नॉटनी वाढतो, पुढच्या काही सेकंदांत तेवढाच पडतो. चक्रीवादळ जवळ असताना हाच प्रकार अधिक जोराने होतो. डोंगराला सगळ्यांत जवळची दक्षिण धावपट्टी, म्हणजे ०७ उजवी, अर्थातच जास्त मार खाते.

दुसरं कारण साधं आहे: खारे वारे. पूर्वेचा वारा वाहत असताना दुपारी पश्चिमेकडून समुद्राचा वारा आत घुसतो आणि दोन्ही वारे धावपट्टीच्या आसपास भिडतात. यात बहुधा समोरचा वारा वाढतो, म्हणून धोका कमी. पण विमान ग्लाइडपाथच्या, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या तिरक्या वाटेच्या, वर जातं, वैमानिक थ्रस्ट (इंजिनाचा जोर) कमी करतो आणि उतरणं अस्थिर होतं.

आता यंत्रणा. पावसातल्या विंडशिअरसाठी ताय लाम चुंगला, विमानतळापासून सुमारे १२ किलोमीटरवर, टर्मिनल डॉप्लर रडार आहे. त्याला थेंब लागतात. कोरड्या हवेसाठी लिडार: सुमारे २ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त किरण हवेतल्या धूलिकणांवरून परततो आणि त्यातून वाऱ्याचा वेग कळतो. वेधशाळेने २००२ मध्ये तो बसवला. तिथल्या लोकांची खरी कल्पकता मात्र किरण कसा फिरवायचा यात दिसते. नुसतं गोल फिरवण्याऐवजी किरण थेट ३ अंशांच्या ग्लाइडपाथवरून सरकवला जातो, म्हणजे विमानाला जो वारा भेटणार त्याचाच आलेख तयार होतो. त्या आलेखात अचानक चढ किंवा उतार दिसला की इशारा. याशिवाय धावपट्टीकडेचे वायुवेगमापक, समुद्रातले बोये आणि डोंगरावरची केंद्रं आहेतच. सगळ्यांचे इशारे एकत्र करून, तीव्रतेनुसार निवडून, प्रत्येक मार्गिकेसाठी एकच इशारा नियंत्रकासमोर येतो. रेडिओवर तीन परस्परविरोधी आकडे ऐकावे लागत नाहीत, ही मोठी सोय.

तुलनेला एअरबस ए३२० घ्या. त्याचं भाकीत करणारं रडार जमिनीपासून २३०० फुटांखाली आपोआप झडती सुरू करतं, १५०० फुटांखाली इशारे देतं आणि सुमारे ५ मैल पुढे पाहतं. "गो-अराउंड, विंडशिअर अहेड" (उतरणं सोडून पुन्हा वर जा, पुढे विंडशिअर आहे) हा आवाज त्याचाच. मुसळधार पावसातल्या मायक्रोबर्स्टसाठी (ढगातून खाली आदळणाऱ्या हवेच्या झोतासाठी) ते उत्तम. थेंब नसतील तर मुकं. दुसरी, प्रतिक्रियात्मक यंत्रणा १३०० ते ५० फुटांच्या दरम्यान काम करते, पण ती तेव्हाच बोलते जेव्हा विमान झटक्यात सापडलेलं असतं. त्यामुळे लांटाऊच्या कोरड्या झोतांबद्दल आगाऊ सांगणारं जमिनीवरचं लिडारच.

सेवेत एक गोष्ट मात्र खटकते. समोरचा वारा ३० नॉट किंवा जास्त घटला आणि सोबत पाऊस असला, तर 'मायक्रोबर्स्ट' इशारा मिळतो. तेवढीच घट कोरड्या हवेत असली तर तो फक्त 'विंडशिअर' इशारा. अनेक कंपन्यांच्या नियमांत पहिल्यावर उतरणं बंद, दुसऱ्यावर निर्णय कॅप्टनचा. विमानाच्या पंखाला पावसाशी देणंघेणं नसतं. वेग पडला की उचल पडते. म्हणून कॉकपिटमध्ये इशाऱ्याच्या नावापेक्षा चिन्ह, आकडा आणि जागा ऐकावी. "उणे २५, १ मैल" म्हणजे धावपट्टीपासून सुमारे ३२० फूट उंचीवर फटका. १४० नॉट भूवेगाला विमान मिनिटाला साधारण ७४० फूट खाली येत असतं, आणि आयडलवरचं (किमान जोरावरचं) इंजिन पूर्ण जोर पकडायला ८ सेकंदांपर्यंत घेऊ शकतं. तेवढ्यात १०० फूट गेलेले असतात. "अधिक १५, ३ मैल" हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे, तिथे विचार करायला वेळ असतो.

अंदाज असेल तर तयारी आधीच करावी: एअरबसवर अॅप्रोच स्पीड व्हीएलएस (सर्वांत कमी सुरक्षित वेग) अधिक १५ नॉटपर्यंत वाढवता येतो, फ्लॅप ३ चा (पंखांच्या झडपा पूर्ण न उघडण्याचा) विचार करावा, थ्रस्ट आयडलला जाऊ देऊ नये. झटक्यात सापडल्यास टोगा (इंजिनाचा पूर्ण जोर), एसआरएसच्या पट्ट्या (नाक किती वर ठेवायचं हे पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा) पाळणं आणि विंडशिअरमधून बाहेर पडेपर्यंत गिअर (चाकं) आणि फ्लॅपला हात न लावणं. नेहमीच्या गो-अराउंडच्या सवयीने गिअर वर घेणारे इथे चुकतात. चाकांची दारं उघडली की अवरोध आणखी वाढतो.

लिडारच्या मर्यादा: जोराचा पाऊस आणि खालचे ढग किरण अडवतात, पल्ला साधारण १० किलोमीटर. तेव्हा भार रडारवर येतो. शिवाय डोंगरी झोत क्षणिक असतात. पुढच्या विमानाला जोरदार बसलेला झटका मागच्याला जाणवतही नाही. त्यामुळे "इशारा होता, काहीच झालं नाही" ही तक्रार कायम राहणार. शेवटच्या ५० फुटांत तर कोणाचीच मदत नसते. २२ ऑगस्ट १९९९ रोजी याच विमानतळावर वादळात उतरताना उलटलेल्या चायना एअरलाइन्सच्या एमडी-११ मध्ये ३१५ जण होते, ३ दगावले. चौकशीत मुख्य ठपका खाली येण्याचा जास्त वेग न रोखल्यावर आला. ५० फुटांखाली वारा बदलून वेग क्षणभर पडल्याची शक्यता सहायक कारणांत नोंदली गेली. तेव्हा लिडार नव्हतं, पण असतं तरी तिथे फारसा उपयोग झाला नसता.

मुंबईहून तिकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी एवढंच: धावपट्टी दिसत असताना विमान पुन्हा वर गेलं, तर यंत्रणेने आणि वैमानिकाने आपापलं काम केलं असं समजा. वैमानिकांनी उतरल्यावर किती नॉट, किती उंचीवर, वाढ की घट, हे नियंत्रकाला सांगावं. काहीच जाणवलं नाही, तर तेही सांगावं. इशारा खरा ठरला की नाही हे तपासायला वेधशाळेला वैमानिकांचे हेच अहवाल लागतात.