कालवडीचं वजन: टेप की काटा?

कळपात राखायची कालवड पहिल्यांदा भरवायची, म्हणजे गाभण राहण्यासाठी रेतन करायचं, ते वय बघून नाही, वजन बघून, इथवर बहुतेकांचं एकमत असतं. प्रौढ गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के भरल्यावर रेतन आणि पहिल्या वेतापर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास, हे आकडेही तोंडपाठ असतात. अडतं ते मोजायचं कशाने इथे. छातीच्या घेरावरून वजन सांगणारी टेप आणि प्लॅटफॉर्म काटा, दोन्ही मी काही वर्षं वापरलं आहे.

अचूकतेत काटा पुढे, यात वाद नाही. मात्र तो पोटातलं पाणीही मोजतो. एकच कालवड पाणी पिण्याआधी आणि पिऊन आल्यावर काट्यावर घेतली, तर दहा-बारा किलोचा फरक मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे वेळ पाळावी लागते: सकाळी, चारा-पाण्याच्या आधी. एवढं सांभाळता येतं.

मला सांभाळता आलं नाही ते काट्यावर चढवणं. एकदा एका कालवडीचा पाय पत्र्यावर घसरला. त्यानंतर ती काट्याजवळ आली की चारही पाय रोवून उभी राहायची, आणि तिच्या मागच्या दोघी तिचं बघून बिथरायच्या. तिघं माणसं लागायची, अर्धी सकाळ जायची, आणि चढलीच तरी अंगाची थरथर थांबेपर्यंत आकडा स्थिर होत नसे. मग वजन घेणं पुढच्या आठवड्यावर जायचं, तिथून पुढच्या महिन्यावर. एका हंगामात असा अडीच महिन्यांचा खंड पडला आणि नेमकी त्याच काळात चाऱ्याची प्रत घसरली होती. सहा महिन्यांची ११० किलोची कालवड ३०० दिवसांत २९० किलोवर न्यायची तर रोज ६०० ग्रॅम वाढ हवी. त्या खंडात वाढ निम्म्यावर आली असावी. पुढच्या वजनाला कळलं तेव्हा हातात वेळ उरला नव्हता, त्या कालवडी उशिरा माजावर आल्या. अचूक काटा गोठ्यात असूनही हे झालं, याची मला आजही चुटपुट लागते.

टेप दावणीलाच चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंड असेल तर त्याच्या मागून, कालवड चारही पायांवर सरळ आणि मान वर असताना. खाली मान घालून चरत असेल तर माप बदलतं. हातही एकच हवा. दीडशे सेंटीमीटरच्या घेरात दोन सेंटीमीटर ढिलाई म्हणजे आठ-दहा किलोची चूक, आणि दोघांनी घेतलेली मापं माझ्याकडे क्वचितच जुळली. शिवाय टेपवरचे किलो विशिष्ट जातींवरून छापलेले असतात. मांसल किंवा वशिंडाच्या जनावराला ते तंतोतंत लागू पडतीलच असं नाही. मी त्या किलोंपेक्षा महिन्याला घेर किती वाढला याकडे जास्त बघतो.

निवड करताना एक हिशेब आधी करावा असं मला वाटतं. प्रौढ गाय ४५० किलोची धरली तर ५५ टक्के म्हणजे २४७ किलो आणि ६५ टक्के म्हणजे २९२. काही जण खर्च वाचवायला ५५ टक्क्यांवरच भरवतात, आणि चाऱ्याची खात्री असेल तर ते जमतंही. पण तिथे पंधरा किलोची चूक परवडत नाही, त्यांनी काटाच घ्यावा. ६५ टक्के गाठायचे असतील तर टेपची चूक ५५ ते ६५ मधल्या अंतरात सामावून जाते. कालवडी पन्नासच्या वर असतील आणि जनावर उभं अडकवायच्या खोड्याची नीट सोय असेल, तरीही काटा बरा. माझ्याकडे बारा-पंधराच असतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या सकाळी टेपच हातात येते.

एका कामाला मात्र काट्याला पर्याय नाही. टक्के ज्या प्रौढ वजनावर काढायचे, ते जातीच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. माझ्या गाई पत्रकापेक्षा चांगल्याच जड निघाल्या आणि माझं लक्ष्य इतके दिवस खाली राहिलं होतं. आपल्याच गोठ्यातल्या, चार-पाच वर्षांच्या, फार रोड नाहीत आणि फार लठ्ठही नाहीत अशा पाच-सहा गाई एकदा काट्यावर घ्याव्यात. त्या शांतपणे चढतात.