बालेवाडी, बंगळुरू, शेन्झेन की डेक्कन: खेळणाऱ्या मुलीला महिला टेनिस कुठे दाखवावं?

मुलगी दोन-तीन वर्षं टेनिस खेळतेय. आता तिला वरच्या पातळीवरचं महिला टेनिस दाखवायचंय, पण रजा मोजक्या आणि खर्चालाही मर्यादा. पुण्यात बऱ्याच घरांत हा विचार चालू असतो. आपल्यापुढे पर्याय चार: बिली जीन किंग कपचा विभागीय गट, त्यावरचा प्ले-ऑफ, त्याच स्पर्धेची सर्वोच्च अंतिम फेरी आणि पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यावरचा आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) महिलांचा आठवडा. पहिले तीन एकाच सांघिक स्पर्धेचे टप्पे. ही स्पर्धा १९६३ साली फेडरेशन कप म्हणून सुरू झाली, पुढे फेड कप झाली आणि २०२० पासून अमेरिकेची माजी खेळाडू बिली जीन किंग हिच्या नावाने ओळखली जाते. चौथा पर्याय वैयक्तिक खेळाचा. तुलनेसाठी २०२५ चा हंगाम घेते, कारण त्या वर्षी विभागीय गट पुण्यात झाला आणि प्ले-ऑफ बंगळुरूत; अंतिम फेरी चीनमधल्या शेन्झेनला होती.

माझा कौल आधीच सांगून टाकते. मुलगी साधारण आठ ते पंधरा वर्षांची असेल आणि स्वतः खेळत असेल, तर विभागीय गटाला तोड नाही. जगात गाजलेल्या खेळाडू तिथे थोड्याच असतात, तरीही.

कारण या गटाच्या रचनेतच आहे. ८ ते १२ एप्रिल २०२५ या पाच दिवसांत म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आशिया-ओशनिया गट १ चे सहा संघ उतरले: भारत, न्यूझीलंड, थायलंड, हाँगकाँग, दक्षिण कोरिया आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे रोज एक लढत, विश्रांतीचा दिवस नाही. एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी. आधी दोन्ही संघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडू, मग पहिल्या क्रमांकाच्या, शेवटी दुहेरी. पहिले दोन संघ प्ले-ऑफला जाणार.

भारत पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून १-२ असा हरला. त्या संघात लुलू सन होती, २०२४ साली पात्रता फेरीतून येऊन विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेली. त्यानंतरच्या चारही लढती भारताने २-१ अशाच जिंकल्या. एकही सोपी गेली नाही. शेवटची, हनुमान जयंतीच्या शनिवारची, कोरियाविरुद्धची. न्यूझीलंड पहिला, भारत दुसरा आणि २०२० च्या पहिल्या वेळेनंतर भारताला दुसऱ्यांदा प्ले-ऑफचं तिकीट. भारताच्या श्रीवल्ली भमिडिपाटीने पाच दिवसांत पाचही एकेरी जिंकल्या. तेव्हा ती जागतिक क्रमवारीत तीनशेच्या पलीकडे होती. मुलीला आकड्यांपेक्षा हे समोर पाहणं फार शिकवून जातं: क्रमवारीत मागे असलेली खेळाडू रोज सकाळी उठून पुन्हा तेवढ्याच जोराने खेळते.

सांघिक लढतीत कर्णधार कोर्टवरच खुर्ची टाकून बसलेला असतो. भारताचा कर्णधार विशाल उप्पल. दर दोन गेमनंतर बाजू बदलताना खेळाडू येऊन त्याच्या शेजारी बसते, टॉवेल तोंडावर धरते, आणि त्या नव्वद सेकंदांत तो तिच्याशी बोलतो. मुलीला स्कोअरबोर्डकडे बघू देऊ नका, या नव्वद सेकंदांकडे बघायला सांगा. कोण मान हलवतंय, कोण नजर टाळतंय, पुढच्या गेमला सर्व्हिस कुठे पडली. मागे बाकावर उरलेला संघ उभा राहून ओरडत असतो. त्यात पंधरा वर्षांची माया राजेश्वरन राखीव खेळाडू म्हणून होती. आपल्याच वयाची मुलगी संघासोबत आहे हे पाहून दहावीतल्या मुलीच्या डोक्यात काय चालतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

दुहेरीचंही तसंच. गटात दोन्ही एकेरी जिंकल्या तरी दुहेरी खेळली जाते, कारण किती सामने जिंकले याचाही हिशेब होतो. आणि १-१ झालं की सगळा भार दुहेरीवर. भारताकडून अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. प्रार्थना बार्शीची. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर तिने कांस्यपदक मिळवलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून इथवर आलेली खेळाडू नेटजवळ कशी सरकते, जोडीदाराशी कुजबुजताना तोंडापुढे चेंडू कसा धरते, हे टीव्हीवर दिसत नाही.

अडचणी दोन. एप्रिल म्हणजे वार्षिक परीक्षा, आणि दुपारी सिमेंटच्या पायऱ्यांवर बसवत नाही. शाळा बुडवायची नसेल तर शेवटचा दिवस धरा, गटाचा निकाल बहुतेक तेव्हाच लागतो. टोपी आणि पाणी घ्या. हडपसर-कोंढव्याकडून येणाऱ्यांनी हिंजवडीची ऑफिसं सुटायची वेळ टाळावी. गट दरवर्षी पुण्यात येत नाही. पण भारतात कुठेही आला तरी तो पाच दिवसांचाच, त्यामुळे शनिवारचा एक दिवस काढता येतो.

आता शेन्झेन, म्हणजे सर्वोच्च अंतिम फेरी. १६ ते २१ सप्टेंबर २०२५, आठ संघ, थेट बाद फेरी. इथे जायचा प्रश्न बहुतेकांपुढे नसतो, प्रश्न स्क्रीनसमोर किती वेळ द्यायचा याचा. खेळाचा दर्जा अर्थातच सगळ्यात वरचा. इटलीने अंतिम सामन्यात अमेरिकेला २-० हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा करंडक नेला: एलिसाबेत्ता कोच्चारेत्तोने एमा नवारोला हरवलं, जास्मिन पाओलिनीने जेसिका पेगुलाला. दुहेरी झालीच नाही, कारण बाद फेरीत निकाल लागला की लढत थांबते. म्हणून एकच लढत बघायची असेल, तर मी अंतिम सामना सोडून इटली-युक्रेन उपांत्य लढत सुचवेन. १-१ झाल्यावर सारा एर्रानी आणि पाओलिनी दुहेरीला उतरल्या, २०२४ च्या ऑलिंपिक सुवर्णाची जोडी. एर्रानीची सर्व्हिस सोपी दिसते, पण तिची जागा, तिचा लॉब (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू) आणि पाओलिनीबरोबरचं तिचं बोलणं बघून बारा वर्षांच्या मुलीलाही कळतं की उंची आणि ताकद कमी असूनही दुहेरी जिंकता येते. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे सामने आपल्याकडे दिवसाउजेडी येतात. २०२५ चा अंतिम सामना सर्वपित्री अमावास्येच्या रविवारी होता, म्हणजे घरात सगळ्यांना सवड असतेच असं नाही.

बंगळुरूच्या प्ले-ऑफबद्दल थोडक्यात. १४ ते १६ नोव्हेंबर, कब्बन पार्कमधलं एस. एम. कृष्णा स्टेडियम, तीनच संघ. तीन दिवसांत भारताच्या दोन लढती: स्लोव्हेनियाकडून १-२, नेदरलँड्सकडून ०-३. पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने जायचं तर जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात. युरोपीय संघांशी आपलं अंतर नेमकं किती, हे तिथे स्पष्ट दिसतं आणि मोठ्या माणसाला ते पाहण्यात रस वाटेल. लहान मुलीला एवढा प्रवास करून दोन पराभव दाखवायला मी नेणार नाही. सतरा-अठराची, स्पर्धा खेळणारी असेल तर जरूर न्या.

राहिला डेक्कन जिमखाना. एनईसीसीच्या (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) नावाने तिथे गेली अनेक वर्षं महिलांची आयटीएफ स्पर्धा होते. वातावरण अगदी वेगळं. बाक नाही, झेंडे नाहीत, प्रशिक्षक असलाच तर कोर्टबाहेर. परदेशातून आलेली खेळाडू स्वतःची बॅग स्वतः वाहते, हरली की दुसऱ्या गावची गाडी किंवा विमान बघते. पण क्रमवारीचे गुण इथे मिळतात: 'डब्ल्यू ५०' दर्जाच्या स्पर्धेत विजेतीला ५०. श्रीवल्लीच्या बालेवाडीतल्या पाच विजयांना क्रमवारीत एकही गुण नव्हता, कारण सांघिक स्पर्धेत ते दिलेच जात नाहीत. दोन्ही गोष्टी मुलीला आणि पालकांनाही माहीत हव्यात. देशासाठी खेळायचा मान एका आठवड्याचा, आणि तिथवर पोहोचवणारे बाकीचे आठवडे असे डेक्कनसारखे.

म्हणून मुलगी व्यावसायिक टेनिसचं नाव काढत असेल, अकादमी बदलायची किंवा शाळा सोडून घरून परीक्षा द्यायची असा विषय घरात निघाला असेल, तर माझा क्रम बदलतो. तेव्हा आधी डेक्कन, तेही पात्रता फेरी, जिथे मुख्य फेरीत जागा मिळवण्यासाठी खेळाडू धडपडत असतात. दोन सामने पूर्ण बघा, आणि संपल्यावर हरलेल्या खेळाडूच्या प्रशिक्षकाशी बोलायची संधी मिळाली तर वर्षाला किती आठवडे प्रवास आणि किती खर्च, हे मुलीसमोरच विचारा.