एपीआय मास्टर टेस्ट किट: आमचे गोल्डफिश हिच्यामुळे वाचले

लेकीच्या हट्टापायी टाकी आणि दोन गोल्डफिश एकाच दिवशी घरी आणले. दुकानदार म्हणाला, "पाणी भरा, मासे सोडा, झालं." पाचव्या दिवशी धाकटा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला. माझा जीव कासावीस झाला. तेव्हा टाकीचं पाणी तपासायची ही किट मागवली.

नळीत टाकीचं ५ मिली पाणी, किटमधल्या अमोनियाच्या दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब, हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवंगार झालं. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष! तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत वाढलेच नव्हते. मग रोज निम्मं पाणी बदललं, तेही क्लोरीन घालवणारं औषध टाकून. खाणं एकवेळ केलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरला नाही, नाहीतर क्लोरीनने त्यातले जिवाणू मेले असते. पुढे नायट्राइटची (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही विषारीच) नळी जांभळी झाली, आणि सहाव्या आठवड्यात एकदाची आकाशी, म्हणजे नायट्राइट शून्य!

नायट्रेटच्या (नायट्राइटचं पुढे जे होतं ते) चाचणीची दुसरी बाटली मात्र ३० सेकंद जोरात हलवावीच लागते, नाहीतर आकडा कमी दिसतो. किंमत टोचते, रंग जुळवायच्या कार्डावरच्या फिक्या छटा दिवसाउजेडीच बघाव्या लागतात. तरीही माशांच्या आधी हीच घ्या. आमचे दोघेही ठणठणीत आहेत.