रानवस्तीवर बाराबोर, एअरगन आणि धनुष्य : १४ महिन्यांच्या वापरानंतर

राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या वरच्या अंगाला आमची रानवस्ती आहे. दाजीपूरचे जंगल जवळ असल्यामुळे भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप रात्री उतरतो आणि पहाटेपर्यंत वाफ्याची नांगरट करून जातो. वडिलांच्या काळी माळ्यावर ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, बंदूक असे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तिचा आजही स्पष्ट उल्लेख आहे. पण मुसळधार पावसात दारू कोरडी ठेवण्याचा व्याप मला झेपणारा नव्हता, म्हणून संरक्षणाच्या परवान्यावर एकनळी बाराबोर, म्हणजे काडतुसाची बंदूक, घेतली. तिचा परवाना हाती पडेपर्यंत एअरगन आणि धनुष्यावर भागवून पाहिले.

एअरगन ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवाना लागत नाही. ती गोदामातल्या घुशींपुरती ठीक आहे. नेम सुधारायला तिच्यासारखी स्वस्त शिकवणी नाही, मात्र तिच्या ‘टप्’ आवाजाने डुक्कर मान वर करून पाहतही नाही. धनुष्य २६ पौंड ओढीचे, म्हणजे दोरी पूर्ण ताणायला तेवढा जोर लागणारे. पिंजराच्या (भाताच्या काडाच्या) भाऱ्यावर संध्याकाळी बाण सोडण्यात मन रमते हे मान्य, पण उसात गेलेला बाण तोडणीशिवाय सापडत नाही आणि मुख्य म्हणजे धनुष्याला आवाज नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे बाणाने मारले तरी ती शिकारच ठरते; गवा तर सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा जनावर पाडायचे नसून हुसकायचे आहे, हे एकदा मनाशी ठरले की निवड सोपी होते.

बाराबोरचा बार बांधावरून आकाशाकडे काढला की कळप उधळतो आणि तीन-चार रात्री तिकडे फिरकत नाही. पाचव्या रात्री परत येतो, हेही सांगितले पाहिजे. एकनळीची रचना साधी : नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, काडतूस घालायचे, घोडा ओढायचा. बिघडण्यासारखे फारसे काही नाही. माझी चूक सांभाळण्यात झाली. पहिल्या जुलैत बंदूक कापडी गवसणीत घालून कपाटात ठेवली. पंधरवड्याने काढली तर कापडाने ओल धरून नळीवर हळदीसारखा पिवळट गंज उमटला होता. त्याच ओलीने कागदी काडतुसे फुगली आणि एक तर नळीत अर्ध्यावर अडकून बसले. आता बंदूक तेलाचा हात फिरवून उघडीच कपाटात उभी असते आणि काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात. एकदा चाप ओढूनही बार झाला नाही. तेव्हा नळीचे तोंड मोकळ्या माळाकडे धरून अर्धा मिनिट थांबलो, मगच ती मोडली. घाईने लगेच नळी उघडणे अंगाशी येऊ शकते.

खरी अडचण कागदांची. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि इतरांसारखी माझीही बंदूक ठाण्यात जमा झाली. नेमकी भातकापणीची वेळ, डुकरांना मोकळे रान! ते सव्वा महिने पत्र्याचा डबा, विजेरी आणि वस्तीवरची दोन कुत्री यांवर काढले. पुढच्या हंगामाआधी वाफ्यांभोवती सौर झटका मशीन, म्हणजे तारेला शिवताच विजेचा हलका झटका देणारे कुंपण, बसवले; तेव्हापासून काडतुसांचा डबा फारसा उघडावा लागलेला नाही. धनुष्य पुतण्याने कोल्हापूरला नेले आहे.