गोचिडांसाठी स्पॉट-ऑन, कॉलर की गोळी? (घरात मांजर असेल तर जरा जास्तच विचार करा)

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या महिन्यात पिल्लू आणलं आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यात मला गाठून विचारलं, "अरे, तू तुझ्या बंड्याला गोचिडांसाठी काय लावतोस?" मी म्हटलं काकू, लावायचं बंद केलं मी, आता खायला घालतो. त्यांचा चेहरा असा झाला की मी कुत्र्याला ढेकणाचं औषध पाजतोय. मग अर्धा तास जिन्यातच उभं राहून जे काय सांगितलं ते म्हटलं नीट लिहूनच काढू, कारण हा प्रश्न पावसाळा संपत आला की कोणी ना कोणी विचारतंच.

आधीच सांगतो, मी व्हेट नाही. लालबागला चाळीत वन रूम किचन, माणसं चार, शिवाय अठरा किलोचा इंडी (देशी कुत्रा) बंड्या आणि चिंगी नावाची मांजर. या सहा जणांच्या संसारात मी स्पॉट-ऑन दीड-दोन वर्षं वापरलं, कॉलर एकदा, आणि गोळी त्यानंतर आजपर्यंत. तुमचं घर वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

गोचीड किती वाईट हे सांगत बसत नाही, पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडे कुत्र्यावर जो तपकिरी गोचीड असतो तो फक्त कुत्र्यावर राहत नाही, तो घरात राहतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, पलंगाच्या सांध्यात जाऊन हजारोंनी अंडी घालते आणि मग ती पिलावळ भिंतीवर चढते. आमच्या चाळीची लाकडी चौकट म्हणजे त्यांना फाइव्ह स्टारच. त्यात हे उपाशीपोटी कित्येक महिने जगतात, आणि मुंबईत थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे "सीझन संपला" हा प्रकार नाही. म्हणजे औषध कुठलंही घ्या, वर्षभर आणि न चुकता द्यावं लागतं. हे "न चुकता"च पुढे महत्त्वाचं आहे.

स्पॉट-ऑन म्हणजे ती छोटी पिपेट, मानेवर केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायची. मी वापरायचो ते फिप्रोनिलचं. स्वस्त पडतं, जवळपास कुठल्याही पेट शॉपमध्ये मिळतं, पोटात काही जात नाही म्हणून आईलाही पटलेलं. औषध कातडीच्या तेलातून हळूहळू अंगभर पसरतं, म्हणून आधी दोन दिवस आंघोळ नाही आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, भिजवायचं नाही. आता हे जुलैमध्ये मुंबईत करून दाखवा. बंड्या घरात शी-शू करत नाही, जिवावर उदार होऊन पावसात खाली न्यावंच लागतं, रेनकोट घातला तर पुतळा होऊन उभा राहतो, पाय उचलत नाही. म्हणजे चार दिवस कोरडे कधी मिळणार याची वाट बघायची, आणि ते मिळत नाहीत, मग "पुढच्या आठवड्यात लावू", मग गणपती, मग पाहुणे.

२०२१ ला असंच झालं. जुलै ते सप्टेंबर एकच डोस धड लागला. ऑक्टोबरात बंड्याने एका संध्याकाळी कलेजी सोडली. ज्या कुत्र्याने रिकामी पिशवी चाटून चाटून फाडलीय तो कलेजीकडे बघून तोंड फिरवतो म्हणजे काहीतरी आहे. आम्ही तरी एक दिवस घालवलाच, उन्हाने असेल, पोट बिघडलं असेल वगैरे. दुसऱ्या दिवशी हिरड्या बघितल्या तर नेहमीच्या गुलाबीच्या जागी फिक्या, धुतलेल्या कपड्यासारख्या. ताप १०४ फॅरनहाइट (कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं, म्हणजे हाताला गरम लागणं हे काही माप नाही). रक्त तपासलं, प्लेटलेट्स ४८ हजार, निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असायला हव्यात. टिक फीवर, म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून होणारा ताप, त्यातला एर्लिकिया. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, आणि ती गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी, भरल्या पोटी द्यायची तर हा जेवायला तयार नाही. तो महिना आमचा कसा गेला ते आम्हालाच माहीत.

तर ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी हे एवढं तरी बघत जा: हिरड्यांचा रंग, खाण्यावरची वासना, नाकातून रक्त, पोटावर बारीक लाल-जांभळे ठिपके. लघवी कोकमाच्या सरबतासारखी किंवा कॉफीसारखी दिसली तर तो बबेसियाही (गोचिडांतूनच येणारा दुसरा आजार) असू शकतो, त्यात रात्र काढायची नाही, थेट निघायचं. आम्हाला परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं, हाकेच्या अंतरावर, १८८३ पासून आहे ते, आमच्या आजोबांच्या तोंडीही हेच नाव होतं. आणि रोज फिरवून आणलं की कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. सापडला तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ ओढायचा. रॉकेल नाही, पेटती काडी नाही, आणि नखाने चिरडायचा तर अजिबात नाही.

आता खरं सांगायचं तर त्या टिक फीवरमध्ये चूक स्पॉट-ऑनची नव्हती, आमचीच होती. म्हणून मी लगेच बदललंही नाही. उलट मोबाइलवर रिमाइंडर लावून नियमाने द्यायला लागलो. माझा कौल फिरला तो दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण आहे चिंगी.

चिंगी २०२२ च्या सुरुवातीला आली, मीटर बॉक्समध्ये सापडलेलं मुठीएवढं पिल्लू. तिने बंड्याला आई मानलं आणि बंड्याने नाइलाजाने ते मान्य केलं. रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की बंड्या पंख्याखाली आडवा होतो आणि ही त्याच्या मानेवर बसून त्याला चाटते. स्पॉट-ऑन मानेवर का लावायचं? तर कुत्र्याची स्वतःची जीभ तिथे पोचत नाही म्हणून. आणि चिंगीची लाडकी जागा नेमकी तीच! बॉक्सवर लिहिलेलं असतं की सुकेपर्यंत इतर प्राणी लांब ठेवा. वन रूम किचनमध्ये लांब म्हणजे कुठे? पहिल्यांदा चिंगीला मोरीत ठेवली तर तिने रात्रभर असा गळा काढला की शेजारचे सकाळी विचारायला आले आणि आईने मला सुनावलं, "मुकं जनावर कोंडून ठेवतोस, पाप लागेल." दुसऱ्यांदा बंड्याला बाबांचं जुनं बनियन चढवलं, त्याचा गळा एवढा मोठा की औषध लावलेली जागाच उघडी. तिसऱ्यांदा मी स्वतः मधे चटई टाकून झोपलो.

आणि चौथ्यांदा मला झोप लागली. जूनची रात्र, साडेअकरा वाजले असतील, चिंगीच्या तोंडाला फेस. मान झटकतेय, लाळेची तार लोंबतेय, कोपऱ्यात जाऊन तोंड पुसतेय. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिला प्रश्न, "मॉलिक्यूल, म्हणजे आतलं मूळ औषध, काय आहे? बॉक्सवर काय लिहिलंय?" बॉक्स कचऱ्यात. कचऱ्याचा डबा पालथा करून, बोंबलाची डोकी बाजूला सारत, मोबाइलच्या टॉर्चमध्ये ते खोकं शोधलं आणि बारीक अक्षरं वाचली: फिप्रोनिल. पलीकडून त्यांनी सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. म्हणाले, चव कडू आणि त्यातलं द्रावण जिभेला झोंबणारं, म्हणून लाळ सुटलीय, तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी द्या, लक्ष ठेवा, तासाभरात निवळेल. निवळलंही. पण मग जे सांगितलं ते ऐकून मी पहाटेपर्यंत जागा होतो. तिथे परमेथ्रिन असतं तर गोष्ट वेगळी होती. कुत्र्यांच्या कित्येक स्पॉट-ऑनमध्ये ते असतं, कुत्र्याला चालतं, गोचीड चावायच्या आधीच पळवून लावतं म्हणून चांगलंही आहे. पण मांजराच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही. थरथर, झटके, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर जीव जातो. मी दुकानात कधी मॉलिक्यूल विचारलंच नव्हतं. "गोचिडाचं द्या" एवढंच म्हणायचो, समोरचा जे देईल ते घ्यायचो. फिप्रोनिल निघालं हे निव्वळ नशीब.

पाण्यात मिसळून अंगाला चोळायच्या औषधांचं पण तेच, अमिट्राझ काय आणि डेल्टामेथ्रिन काय, दोन्ही मांजराला वाईट. घरात मांजर आहे तर ते दारातही आणू नका, पुढे काही बोलत नाही.

कॉलरबद्दल थोडक्यात. इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनची असते ती सात-आठ महिने चालते, भिजली तरी फार बिघडत नाही, हिशेबाने स्वस्त पडते. ज्यांचा कुत्रा गावी बागेत, अंगणात मोकळा असतो त्यांना मी तीच सांगेन. आमच्याकडे चिंगीला वाटलं हे आपल्यासाठी खेळणं आणलंय, चावून चावून टोक कुरतडलं. शिवाय ऑनलाइन मागवलेली, ती असली होती की डुप्लिकेट ही शंका शेवटपर्यंत गेली नाही, कारण तिसऱ्याच आठवड्यात कानात गोचीड. काढून टाकली.

मग गोळी. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर ही नावं बघा, एकाच कुळातली आहेत. पहिली साधारण बारा आठवडे चालते, बाकीच्या दोन महिनाभर. बंड्या चॉकलेट समजून गिळतो, दीड सेकंदाचं काम. त्याच संध्याकाळी पाऊस पडो, आंघोळ घाला, चिंगी पाहिजे तेवढी चाटू दे, वर काहीच नाहीये. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. चौथ्या महिन्यापासून चौकटीतलेही गोचीड दिसेनासे झाले, अर्थात त्याच दिवाळीत आम्ही फटी व्हाइट सिमेंटने बुजवल्या होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचं हे तुम्हीच ठरवा.

पण तोटे आहेत, लपवत नाही. एक, महाग. मला स्पॉट-ऑनच्या जवळजवळ दुप्पट पडते, आणि वजनाप्रमाणे साइज असल्याने लॅब्राडोरवाल्यांचं अजून अवघड. वजन नीट करून घ्या, मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोघांना वाटायची काटकसर करू नका. दोन, गोचीड चावल्यावरच मरतो, काही तासांनी. म्हणजे अंगावर चढलेला दिसणारच, तो दिसला म्हणून "गोळी फेल" असं नाही, आणि मधल्या वेळात आजार आत जाणारच नाही असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. हात फिरवून बघणं चालूच ठेवायचं. आणि तीन, हे सगळ्यात महत्त्वाचं: अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०१८ मध्ये या पूर्ण कुळाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती की काही प्राण्यांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असं होऊ शकतं. औषध बंद केलं नाही, बहुतेकांना चालतं असंच म्हटलं, पण ज्याला आधी कधी फिट आलीय त्या कुत्र्याला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. अशा कुत्र्याला माझ्या मते स्पॉट-ऑनच बरं.

याच कारणाने मी महिन्याची गोळी घेतो, बारा आठवड्यांची नाही. तीन महिन्यांतून एकदा द्यायची म्हणजे सोय मोठी आहे, पण समजा नाहीच मानवली तर पोटातून परत कशी काढणार? महिन्याची निदान लवकर उतरते. हे माझं आपलं भित्र्या माणसाचं लॉजिक, माझा मित्र बारा आठवड्यांचीच देतो आणि त्याचा कुत्रा ठणठणीत आहे. ती द्यायची असेल तर जेवणासोबत द्या, पोटात अन्न असलं की अंगी जास्त लागते.

आणि गोळी म्हणजे सगळ्यावर इलाज नव्हे. साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टो हा उंदरांच्या मुताचा आजार, त्याला गोळीचा काडीचा उपयोग नाही, त्याची लस वेगळी, ती दरवर्षी घ्यायची.

चिंगीचं काय? तिला स्पॉट-ऑनच, पण मांजरांसाठीचं आणि डॉक्टरांनीच लावलेलं. ती घराबाहेर जात नाही, पिसवांपुरता प्रश्न. बंड्या तिला चाटत नाही, एकदा चाटायला गेला होता, नाकावर अजून खूण आहे. कुत्र्याची पिपेट अर्धी करून मांजराला लावायची असं करणारे लोक मला भेटलेत, आणि ताप आला म्हणून मांजराला क्रोसिन देणारेही. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पॉट-ऑन घेतलं. पिल्लू लहान, घरात मांजर नाही, काकांना पोटातलं औषध नको. ठीक आहे, मीही हो म्हटलं. काल रात्री कचरा टाकायला खाली गेलो तर त्यांच्या दारात पायपुसण्यावर पिल्लू झोपलेलं आणि शेजारी आमची चिंगी, जी घराबाहेर कधी जात नाही ती, त्याची मान चाटत बसलेली. साडेदहाला बेल वाजवली. म्हटलं काकू, तो बॉक्स टाकला नाही ना अजून, जरा दाखवा.