टाकून दिलेलं कुत्रं सांभाळायला घेताना: तालुक्याच्या दुकानातलं काय घ्यावं, काय फळीवरच राहू द्यावं

विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी कुत्र्यांचं वेगळं दुकान नसतं. जनावरांच्या औषधांचं मेडिकल, त्याच्या बाजूचं कृषी केंद्र आणि दोर-साखळ्या विकणारं हार्डवेअर, एवढ्यावरच भागवावं लागतं. रस्त्यावर कुणी टाकून दिलेलं कुत्रं उचलायचं, महिनाभरात बरं करायचं आणि चांगल्या घरी द्यायचं, या कामाला ही तीन दुकानं आणि सरकारी दवाखाना कितपत पुरतात, ते इथे लिहिलं आहे. आमचं मत असं: धरायचं-बांधायचं सामान स्वस्तातलं, घरी केलेलं असलं तरी चालतं. औषधात तसं करू नये. फळीवरचा बहुतेक माल गाय, बैल, शेळीच्या हिशेबाने भरलेला असतो आणि तोच अंदाजाने कुत्र्याला वापरला की बरं व्हायला आणलेलं कुत्रं दगावू शकतं.

आधी दोर. हार्डवेअरमध्ये आठ-दहा मिलिमीटर जाडीचा सुती दोर मिळतो, तो सात फूट घ्यावा. एका टोकाला दाव्याला असते तशी लोखंडी कडी बांधून दुसरं टोक तिच्यातून ओवलं की सरकता फास तयार होतो. फासाच्या आतल्या बाजूला एक गाठ मारायला विसरू नये. कडी त्या गाठीला अडते, त्यामुळे कुत्र्याने कितीही ओढलं तरी गळा आवळत नाही. हिरवा-निळा नायलॉनचा दोर टाळावा. तो झटक्यात धरणाऱ्याचा तळहात सोलतो आणि कुत्र्याच्या गळ्यात रुततो. फासात कुत्रं कधीही एकटं बांधून ठेवू नये.

दुकानातल्या पट्ट्यांबद्दल मत फारसं चांगलं नाही. गावठी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं. घाबरून ते मागे सरकलं की साधा पट्टा कानांवरून निघून येतो, आणि पहिल्या आठवड्यात पळालेलं कुत्रं पुन्हा हाताला लागणं कठीण. प्लॅस्टिकच्या खटक्याचा पट्टा उन्हात राहून ठिसूळ होतो. लोखंडी बकलाचा, इंचभर रुंदीचा पट्टा घ्यावा, मान आणि पट्टा यांत दोन बोटं जातील इतपत आवळावा आणि सुरुवातीचे काही दिवस बाहेर नेताना पट्टा आणि फासाचा दोर दोन्ही लावावेत. लोखंडी साखळी उन्हाळ्यात घेऊच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती कातडी भाजण्याइतकी तापते.

कापडी मुसकं तोंड घट्ट बंद करतं. कुत्र्याला अंग थंड करायला तोंड उघडून धापावंच लागतं, म्हणून ते इंजेक्शनपुरतं, फार तर पाच मिनिटं लावावं. जाळीचं मुसकं मिळालं तर तेच घ्यावं. काहीच नसेल तर मीटरभर बँडेज नाकावर एक वेढा, हनुवटीखाली गाठ आणि कानांमागे सरकगाठ, असं बांधता येतं. कुत्रं उलट्या करत असेल किंवा त्याला दम लागला असेल तर यातलं काहीही लावू नये.

ने-आण करायला महागड्या पिंजऱ्याची गरज नाही. भाजीबाजारातली टमाट्याची दोन प्लॅस्टिक कॅरेट एकमेकांवर उपडी ठेवून चारही कोपरे दोरीने बांधली की पिल्लासाठी हवेशीर पेटी होते. मोठ्या कुत्र्याला ऑटोत खाली ओला बोरा टाकून न्यावं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोहोचेल असं निघावं.

आता औषधं. सगळ्यात आधी वजन करावं, कारण पुढचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो. धान्याच्या काट्यावर माणसाने कुत्र्याला उचलून उभं राहावं आणि मग स्वतःचं वजन वजा करावं. उपाशी गावठी कुत्रं दिसायला मोठं असलं तरी पुष्कळदा दहा-बारा किलोच भरतं.

गोचिडांसाठी मेडिकलवाला बहुधा अमिट्राझची बाटली काढतो, साडेबारा टक्क्यांची, टॅकटिक किंवा तशाच दुसऱ्या नावाची. औषध वाईट नाही. वापर चुकतो. प्रमाण एक लिटर पाण्याला दोन मिली. ते झाकणाने अंदाजे ओतू नये, सुई काढलेल्या सिरिंजने मोजावं. द्रावण त्याच वेळी बनवून तेव्हाच वापरावं, उरलेलं उद्यासाठी ठेवू नये. अंगावर जखमा असतील, कुत्रं फार अशक्त असेल किंवा पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तर अमिट्राझ नको. लावल्यावर धुवायचं नाही, सावलीत वाळू द्यायचं आणि वाळेपर्यंत कुत्र्याला अंग चाटू द्यायचं नाही. पोटात गेलं तर कुत्रं सुस्त पडतं, नाडी मंदावते, अंग गार होतं. तशा वेळी बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावं. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. ज्याला मधुमेह आहे त्याने हे औषध हाताळूच नये, कारण अमिट्राझने रक्तातली साखर वाढते.

गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिनचं बुटॉक्सही मिळतं. कुत्र्यावर योग्य प्रमाणात चालतं, पण घरात मांजर असेल तर आणू नका. या वर्गातली औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

खरे पैसे खर्च करायचे ते तोंडावाटे द्यायच्या गोळीवर. ब्रॅव्हेक्टो म्हणजे फ्लुरालेनर, नेक्सगार्ड म्हणजे अफोक्सोलॅनर, सिम्पॅरिका म्हणजे सारोलॅनर. तालुक्याला या क्वचितच ठेवतात. नागपूर, अमरावती, अकोल्याहून मागवाव्या लागतात. ब्रॅव्हेक्टोची एक गोळी हजारावर जाते, म्हणून लोक बिचकतात. पण ती साधारण बारा आठवडे गोचीड आणि पिसवा दोन्ही मारते, बाकी दोन महिनाभर चालतात. शिवाय याच गोळ्यांनी खरजेचे किडेही मरतात, हे फार जणांना ठाऊक नसतं. गोचिडाचं औषध वेगळं, खरजेचं वेगळं, आठवड्यामागून आठवडे इंजेक्शनं, हा सगळा खर्च आणि हाल वाचतात. गोळी वजनाच्या गटाप्रमाणेच घ्यावी. १० ते २० किलोच्या कुत्र्याला ब्रॅव्हेक्टो ५०० मिलिग्रॅमची लागते आणि ती जेवणासोबत द्यायची असते. मोठी गोळी घेऊन तुकडे वाटण्याचा प्रकार करू नये. कुत्र्याला झटके येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या तिन्ही गोळ्या देऊ नयेत.

खरजेसाठी गावागावात जळालेलं इंजिन ऑइल चोपडतात. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, कातडी भाजते, लिव्हरला इजा होते, आणि किडा कातडीच्या आतच राहतो. फिनाइल आणि घासलेटचंही तेच. कुणी आधीच ऑइल लावलेलं कुत्रं मिळालं तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवावं आणि मगच पुढचा उपचार सुरू करावा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन प्रत्येक मेडिकलमध्ये असतं आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एक टक्क्याची बाटली गुरांना ५० किलोला एक मिली या हिशेबाने बनवलेली आहे. त्याच हिशेबाने १५ किलोच्या कुत्र्याला होतात ०.३ मिली, आणि तीन किलोच्या पिल्लाला जेमतेम ०.०६ मिली, म्हणजे इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवरच मोजता येईल इतकं. सवयीने एक मिली टोचलं की पिल्लू लडखडतं, लाळ गाळतं, आंधळ्यासारखं चालतं, बेशुद्ध पडतं. डॉक्टरांनी वजन करूनच द्यावं, आणि अंगात कॉली या लांब केसांच्या मेंढपाळी जातीचा अंश दिसत असेल तर अजिबात नको.

जंताच्या औषधात गुरांचं अल्बेंडाझोल घेऊ नका. कुत्र्यात त्याने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात. प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेली गोळी, ड्रॉन्टल प्लस किंवा तिच्यासारखी, दहा किलोला एक या प्रमाणात द्यावी. पिल्लांना दोन आठवड्यांपासून पायरँटेलचं पातळ औषध, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांची होईपर्यंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमी समजावा. तो पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा मारल्याशिवाय गोळी कितीही दिली तरी परत होतो.

दुखण्याच्या औषधाबाबत एकच सांगणं: माणसाची कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन काही देऊ नका. पोटात अल्सर होतो, किडनी जाते. गुरांच्या मेलॉक्सिकॅमच्या काही बाटल्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, तीही नको.

किडे पडलेल्या जखमेसाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दोन-तीन मिनिटं जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात. त्या चिमट्याने सगळ्या काढाव्यात, मग मिठाच्या पाण्याने धुवावं. डोळ्याजवळ आणि खोल भोकात टर्पेंटाइन नको. वरून मारायचे वनस्पतीचे स्प्रे, टॉपिक्युअर वगैरे, गुरांसाठी असले तरी कुत्र्यालाही चालतात. या फळीवरची ही एक वस्तू निःशंक घ्यावी अशी आहे.

हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, ताप आणि जेवण बंद, असं दिसलं तर गोचीडताप धरून चालावं. डॉक्टर रक्ताची काचपट्टी पाहून डॉक्सिसायक्लिन लिहितात, सहसा किलोला १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळी थांबवतात. थांबवू नये.

रेबीजची लस, रक्षाराब किंवा नोबिवॅक, मेडिकलच्या फ्रीजमध्ये मिळते. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून फ्रीजला बॅटरीचा आधार आहे का, हे दुकानदाराला सरळ विचारावं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून लस घेऊ नये. नेताना थर्मासात बर्फ आणि कागद, त्यावर लस. बर्फाला ती टेकू द्यायची नाही, कारण गोठली की निकामी होते. पिल्लाला तीन महिने पूर्ण झाल्यावर पहिली, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. रेबीजचे विषाणू आधीच अंगात शिरले असतील तर ही लस कुत्र्याला वाचवत नाही. म्हणून नवीन कुत्रं घरातल्या जनावरांपासून आणि लेकरांपासून निदान तीन आठवडे वेगळं ठेवावं. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गांसाठीही तेवढं अंतर लागतं.

चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथे लस मोफत आहे. कातडीत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीने विचारावं. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नये.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला आमच्याकडून चांगले गुण. टाके, जखमा, लस, सलाईन, काचपट्टी ही कामं तिथे नाममात्र पैशांत होतात. सकाळी लवकर जावं, कारण नंतर डॉक्टर गावोगावी गाई-म्हशींकडे निघतात. नसबंदी मात्र प्रत्येक तालुक्याला होईलच असं नाही, आधी विचारून घ्यावं. १९६२ वर फोन केल्यावर येणारी फिरती गाडी मुख्यतः पशुधनासाठी आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी तिच्यावर विसंबू नये. मोडलेलं हाड किंवा लिंगाजवळची रक्त गळणारी गाठ असेल तर वेळ न घालवता नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यक संस्था गाठावी. त्या गाठीला व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध दर आठवड्याला शिरेतून देतात आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. अशा कुत्र्याला उगाच मरायला सोडलेलं पाहवत नाही.

खाण्याचा पाकीटबंद माल घेतला नाही तरी चालतं. भात किंवा ज्वारीची भाकर, मऊ डाळ आणि अंडं किंवा उकडलेलं चिकन, मसाला आणि कांदा न घालता. उपाशी कुत्र्याला पहिले तीन दिवस चार-पाच वेळा थोडं थोडं. मोठ्या कुत्र्याला दूध पाजलं की पुष्कळदा जुलाब लागतात.

घर शोधताना गावाकडे सगळ्यात जास्त मागणी येते ती वावरातल्या जागलीसाठी. रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुकरं यांच्यापासून पीक राखायला कुत्रं हवं असतं. अशा घराला नाही म्हणू नये, पण चार गोष्टी बघून द्यावं. वावराच्या कुंपणात डुकरांसाठी तारेचे फास किंवा थेट वीज सोडलेली तार नसावी. उन्हाळ्यात सावली आणि भरलेलं पाण्याचं भांडं असावं. ताडोबा, टिपेश्वर किंवा मेळघाटाच्या कडेचं गाव असेल तर रात्री कुत्रं बाहेर खुंट्याला न बांधता दार असलेल्या खोपीत ठेवलं जावं, कारण बांधलेलं कुत्रं बिबट्याला सहज मिळतं. आणि मादी असेल तर नसबंदी करूनच द्यावी, टाक्यांचे दहा-चौदा दिवस आपल्याकडे काढून.

देताना एक जाड कागद सोबत द्यावा: वजन, जंताच्या गोळीची तारीख, गोचिडाची गोळी कोणती आणि पुढची कधी, रेबीजच्या लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं आणि पुढच्या वर्षीच्या लसीची तारीख मोठ्या अक्षरात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावा, खोपीच्या आड्याला टांगला तरी पावसाळा काढतो.